जवळची लेन्स आणि बुडालेली बोट

मित्रांनो, जवळचे पाहणारी म्हणून ओळखली जाणारी मी एक जुनी लेन्स आहे. लांबचे मला अगदीच दिसत नाही असे नाही, पण मला त्यात रस नाही. डोंगर, सूर्यास्त, लग्नातले घोळके हे सगळे दुसऱ्या लेन्सांनी खुशाल पाहावे. मला मुंगीच्या मिशा दाखवा, पिसाचे टोक दाखवा, मग बघा मी कशी रंगात येते. माझ्या अंगावरचा काळा रंग धरायच्या जागी उडाला आहे. पुढच्या काचेच्या कडेला एक बारीक ओरखडाही आहे. तो कोणी पाडला हे मी सांगणार नाही, कारण ती व्यक्ती अजून याच घरात राहते आणि तिला वाईट वाटेल.

माझा जन्म एका स्वच्छ, पांढऱ्या खोलीत झाला. तिथे काम करणाऱ्या बायका डोक्याला टोपी आणि तोंडाला फडके बांधून बसत आणि कामाच्या वेळी चकार शब्द बोलत नसत. काचेचे दहा तुकडे घासून, पुसून, एकापुढे एक बसवले तेव्हा कुठे मी झाले. शेवटी एका चष्मेवाल्या गृहस्थाने मला यंत्रावर चढवून माझ्यातून बारीक रेघांचा एक तक्ता पाहिला. तो कधीच कोणाचे कौतुक करत नाही असे बाजूच्या लेन्सा म्हणत होत्या. माझ्या वेळी त्याने मान डोलावली. त्या एका मानेवर मी पुढची कितीतरी वर्षे हुरळून जगले, हे मी आज कबूल करते.

दुकानाच्या काचेच्या कपाटात मी दीड वर्ष बसून होते. मग एक दिवस एक उंच, उन्हाने रापलेली बाई आली. तिचे केस अजून ओले होते. दुकानदाराने विचारले, "कशाचे फोटो काढता ताई?"

"पाण्याखालचे."

दुकानदाराने लगबगीने हातभर लांबीची एक लेन्स काढून पुढे ठेवली. "ही घ्या. लांबूनच काढा, माशाला पत्ताही लागणार नाही."

ती हसली. "काका, पाण्यात लांबून काही दिसत नाही हो. तीन हातांवरचा मासासुद्धा हिरवा-निळा होऊन जातो. पाणी आधी लाल रंग खातं, मग बाकीचे. तुमच्या आणि माशाच्या मधे जितकं पाणी कमी, तितका फोटो खरा."

"मग ही बघा, जवळचं-लांबचं दोन्ही करते. एकीतच सगळं."

"आणि दोन्ही अर्धवट. पाण्यात लेन्स बदलता येत नाही ना. काठावरच ठरवून एक काय ते लावायचं आणि जे भेटेल ते तिच्यातून बघायचं."

शेवटी तिने दोन लेन्सा घेतल्या. एक मी. दुसरी अंगाने बुटकी, पुढून डोळे वटारल्यासारखी फुगलेली, एका नजरेत अख्खी खोली मावेल अशी रुंद लेन्स. एकाच दिवशी एकाच घरात आल्यामुळे मी तिला मनातल्या मनात जाऊबाई म्हणू लागले. जावाजावांत असतो तेवढा जिव्हाळा आमच्यात होता. म्हणजे दिसायला बराच.

हे घर खाडीच्या काठावर होते. पुढे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, मागे बोटी दुरुस्त करायची उंच छपराची शेड. शेड तिच्या सासऱ्यांची. ते लाकडी बोटी बांधणारे सुतार होते. ते तिला सूनबाई म्हणत, ती त्यांना बाबा म्हणे, म्हणून मीही तेच म्हणते. सूनबाईचा नवरा लांबच्या जहाजावर नोकरीला होता आणि चार-चार महिने घरी नसायचा. त्यामुळे घरात सासरे आणि सून अशी दोघेच. दोघांचीही कामे पाण्याशी. ती पाण्याखाली बघायची आणि बाबा पाणी आत येऊ नये म्हणून बघायचे.

आमच्या घरात एक रीत होती. बुडी मारायच्या आदल्या संध्याकाळी सूनबाई स्वयंपाकघरातले टेबल तीनदा पुसून घ्यायची. मग कॅमेऱ्याचा जाड, जड डबा टेबलावर यायचा. उद्या कुठे जायचे, पाणी किती गढूळ असेल, काय दिसण्याची शक्यता आहे याचा विचार करून ती आमच्यापैकी एकीला निवडायची. मला निवडले तर डब्याला पुढून सपाट काच लागे. त्या काचेतून पाण्यातली वस्तू मुळातच थोडी मोठी दिसते आणि माझ्यासारखीला तेवढे बरेच असते. जाऊबाईला निवडले तर घुमटासारखी गोल काच, कारण सपाट काचेमागे तिची रुंद नजर आखडते आणि कडा फाटल्यासारख्या दिसतात. मग डब्याच्या रबरी कड्याला बोटाने किंचित वंगण लावायचे, त्यावर एकही केस किंवा वाळूचा कण नाही ना हे बघायचे आणि झाकण मिटायचे. एकदा मिटले की बुडी संपेपर्यंत उघडायचे नाही. काठावर मन बदलून डबा उघडणाऱ्यांचे कॅमेरे कसे भिजतात, याच्या गोष्टी तिने खूप ऐकल्या होत्या.

निवडताना ती बऱ्याचदा चुकायची हे मात्र खरे. मी डब्यात असले की नेमके अवाढव्य कासव शेजारून जायचे आणि मला त्याच्या फक्त पापण्या दिसायच्या. जाऊबाई डब्यात असली की खडकावर मोहरीएवढा खेकडा उभा राहून तिला वाकुल्या दाखवायचा.

माझी चांगली वर्षे मी फार सुखात काढली. समुद्रघोड्याच्या डोळ्याभोवतीच्या रेघा, पारदर्शक झिंग्याच्या पोटातली अंडी, दगडासारखा दिसणारा मासा आणि त्याचा वाकडा ओठ. मी काढलेले फोटो एका जाडजूड पुस्तकात छापून आले. पाहुणे आले की सूनबाई ते पुस्तक काढायची आणि लोक तोंड भरून कौतुक करायचे. जाऊबाईचे फोटो पाहून लोक "छान" म्हणत आणि पान उलटत. मी त्या वेळी फार टेंभा मिरवला. बाबांनी सुद्धा एकदा लाकूड पोखरणाऱ्या किड्याचा माझा फोटो चष्मा वर-खाली करून दहा मिनिटे पाहिला होता. म्हणाले, "हिचा डोळा सुताराचा आहे बघ."

आता बाबांच्या कामाविषयी सांगायला हवे, नाहीतर पुढचे कळणार नाही. लाकडी बोटीच्या दोन फळ्यांमध्ये फट असते. त्या फटीत कापसाची वात घालून बोथट पटाशीने आणि लाकडी हातोड्याने ठोकत जायचे आणि वरून लांबी, म्हणजे फट बुजवायचा लगदा, भरायची. याला ते बोट शिवणे म्हणत आणि त्या भरलेल्या फटीला शिवण. वात सैल राहिली तर पाणी ती बाहेर ढकलते. जास्त ठोकली तर फळी फाकते. किती ठोकायचे ते पटाशी धरलेल्या बोटांना कळते, दुसऱ्या कशाने नाही. बाबांच्या बोटांना ते पन्नास वर्षे कळत होते. अलीकडे मात्र त्यांच्या हातून कधी कप निसटायचा, कधी शर्टाचे बटण लागता लागायचे नाही. घरात कोणी त्याबद्दल बोलत नसे. बाबा तर मुळीच नाही.

एका सोमवारी सकाळी खाडीतली मोठी बोट तिच्या नेहमीच्या जागी बांधलेली असताना बुडाली. पलीकडच्या शाळेत जाणारी मुले, शिक्षिका आणि कामावर जाणारी माणसे याच बोटीतून जात. नशीब एवढेच, की त्या वेळी तिच्यात कोणी नव्हते. वीसच दिवसांपूर्वी बाबांनी तिच्या मागच्या डाव्या अंगाची शिवण नव्याने भरली होती.

दुपारपर्यंत सगळीकडे एकच विषय झाला. कोणी तोंडावर काही बोलले नाही, पण बाबा दुकानात शिरले की बोलणी थांबायला लागली. संध्याकाळी बोटी चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षबाई घरी आल्या. त्या सरळ बोलणाऱ्या होत्या.

"बाबा, राग मानू नका. बाकीच्या चार बोटीही तुम्हीच शिवल्यात. त्या चालवू की बांधून ठेवू, हे मला कोणीतरी सांगायला हवं."

"बुडालेली वर कधी काढताय?" बाबांनी विचारले.

"शुक्रवारी क्रेन येतेय. पण पट्टे आवळले की फळ्या दबतील, मग आधी काय होतं आणि नंतर काय झालं ते कळायचं नाही. त्याआधी पाण्यातच कोणी फोटो काढले तर."

बाबांनी सुनेकडे पाहिले. "तू जा. आणि मला खरं काय ते सांग. माझ्या हातून झालं असेल तर मी पटाशी खाली ठेवीन. पण माझ्या हातून झालं नसेल तर मला लोकांच्या भीतीने ठेवायला लावू नका."

"जाते बाबा," ती म्हणाली.

मंगळवारी संध्याकाळी टेबल पुसले गेले. सूनबाईने फार विचार केला नाही. प्रश्न शिवणीचा होता आणि शिवण बोटभर रुंदीची असते. तिने मला उचलले. मी जाऊबाईकडे कसे पाहिले असेल ते तुम्हीच समजा.

बुधवारी आम्ही पाण्यात उतरलो. सूनबाई कधीच एकटी बुडी मारत नसे. तिच्या जोडीला शाळेत खेळ शिकवणारे मास्तर असत. पाणी ताकासारखे गढूळ होते. बोट एका कुशीवर लवंडून चिखलात पडली होती. सूनबाई एक हात लाकडावर ठेवून सरकत होती आणि मी दुसऱ्या हातातल्या डब्यातून पाहत होते. मला एका वेळी तळहाताएवढे लाकूड दिसत होते, पण ते कसे दिसत होते म्हणून सांगू. लाकडाची रेघ न् रेघ, लांबीवर उमटलेले बोटाचे ठसे, वातीचा एकेक पीळ. शिवण अगदी घट्ट होती. एका जागी नाही, जिथे पाहावे तिथे घट्ट. आम्ही दीडशे फोटो काढले. मास्तरांनी हवा संपत आल्याची खूण केली तेव्हा मला वर यायचे नव्हते. बाबांना मी सोडवले होते.

संध्याकाळी अध्यक्षबाई, मास्तर आणि बाबा टेबलाभोवती बसले. सूनबाईने संगणकावर एकामागून एक फोटो दाखवले. मास्तर म्हणाले, "बघा, कुठे केसभर फट आहे का?" बाबा पुढे वाकून बराच वेळ पाहत राहिले. मग उठले आणि मोरीत जाऊन हात धुऊ लागले. हात तर स्वच्छच होते.

"सुंदर आहेत फोटो," अध्यक्षबाई म्हणाल्या. "यातली मागची डावी बाजू कुठली?"

"ही सगळीच," सूनबाई म्हणाली. मग तिने दोन फोटो मागे नेले, चार पुढे नेले. "म्हणजे मी तिथूनच सुरुवात केली होती. बहुतेक."

"बोट उलट्या तोंडाने पडलीय ना?" मास्तर डोके खाजवत म्हणाले. "भरतीने फिरली असेल. मला एकदा वाटलं, आपण नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला आहोत."

"तेव्हाच का नाही सांगितलं?"

"तोंडात नळी होती."

सूनबाईने एक फोटो मोठा केला आणि तिचा चेहरा पडला. फ्लॅश अगदी जवळून पडल्यामुळे रंग खरे उतरले होते आणि लांबी पिवळी दिसत होती. नवी लांबी करड्या रंगाची होती. बाबा ती भरत होते तेव्हा लांबीचा डबा सूनबाईनेच धरला होता. म्हणजे आम्ही दीडशे फोटो काढले ते पुढच्या उजव्या अंगाच्या, कित्येक वर्षांपूर्वीच्या शिवणीचे.

"मी यावर मुलांना बोटीत कशी बसवू?" अध्यक्षबाईंनी विचारले. त्या रागावल्या नव्हत्या. म्हणूनच ते जास्त लागले.

मित्रांनो, त्या दिवशी माझा जो पाणउतारा झाला तो मी विसरले नाही. मी काहीच खोटे दाखवले नव्हते. पण काय आहे ते दाखवताना कुठे आहे ते मी दाखवलेच नव्हते. मुंगीच्या मिशांत हे चालून जाते. मुंगी कुठल्या भिंतीवर होती असे कोणी विचारत नाही.

आता हातात गुरुवार एवढाच दिवस होता. टेबल पुन्हा पुसले गेले. सूनबाईने मला उचलले, माझे झाकण काढले, परत लावले आणि मला बाजूला ठेवून जाऊबाईला हातात घेतले.

"गढूळ पाण्यात रुंद लेन्स?" मास्तरांना पटेना. "नुसता हिरवा धूर येईल."

"लांब राहिलं तर येईल. वीतभर अंतरावर गेलं की मधे पाणी राहतंच किती? आणि वीतभर अंतरावरूनही हिला बोटीचा अख्खा मागचा भाग दिसतो. फ्लॅश दोन्ही बाजूंना लांब धरायचे, म्हणजे मधला गाळ चमकणार नाही." तिने गोल काच फिरवून घट्ट बसवली. "हे मला कालच सुचायला हवं होतं. मला काय दाखवायचंय एवढंच बघितलं मी, पाणी कसं आहे ते बघितलंच नाही."

गुरुवारी मी घरी राहिले. टेबलावर माझी पेटी उघडीच होती. बाबा समोर बसून जुने तांब्याचे खिळे निवडत होते, सरळ एकीकडे, वाकलेले एकीकडे. निवडून झाले की दोन्ही ढीग एकत्र करायचे आणि पुन्हा सुरू करायचे. चहा गार झाला, त्यावर साय आली. मला आत कुठेतरी अजून वाटत होते की जाऊबाईचे फोटो धुरकट यावेत. माझ्या स्वभावाची मला आज लाज वाटते, पण तुमच्यापासून कशाला लपवू.

फोटो धुरकट आले नाहीत. सूनबाईने त्यातला एक कोपऱ्यावरच्या स्टुडिओतून हातभर रुंदीचा छापून आणला आणि टेबलावर पसरला. बोटीचा मागचा अख्खा भाग त्यात होता. सुकाणू होते, पाटीवरचा क्रमांक होता, करड्या लांबीची नवी शिवण होती. आणि खाली चिखलातून वर आलेला एक गंजका लोखंडी खुंट होता. बोट नेमकी त्याच्यावर बसली होती आणि एक फळी फुटून आत गेली होती.

"खुंट," मास्तर म्हणाले. "बाबा, सुटलात तुम्ही. खुंटाने फोडली बोट."

अध्यक्षबाईंनी खुर्चीत पाठ टेकली. सोमवारपासून त्या पहिल्यांदाच तशा बसल्या असाव्यात. "जुन्या धक्क्याचा खुंट दिसतोय. तो काढून टाकायला सांगते. बाबा, मनावरचं ओझं उतरलं माझ्या."

सूनबाई फोटोकडे पाहत नव्हती, बाबांकडे पाहत होती.

बाबांनी चष्मा पुसला, फोटोवर वाकले, पुन्हा चष्मा पुसला. "सूनबाई, तुझी ती जवळची दे जरा. उलटी धरली की भिंगासारखी चालते म्हणालीस ना?"

तिने मला पेटीतून काढले आणि उलटी करून त्यांच्या हातात दिली. बाबांनी मला कागदावर टेकवत आणले. त्यांचे बोट थरथरत होते, त्यामुळे मला सगळे हलते दिसत होते. मग त्यांनी मनगट टेबलावर रोवले आणि मी स्थिर झाले. फुटलेली फळी मी पाहिली. तिथून वर, दोन विती सोडून, मी नवी शिवण पाहिली. तिथे लांबी निघून गेली होती आणि कापसाची वात बाहेर लोंबत होती, उसवलेल्या स्वेटरचा धागा लोंबतो तशी.

बाबांचा डोळा माझ्या मागे होता. त्यांना दिसले असेल की नाही, मला कळेना. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटले, की आपण धूसर व्हावे. माझ्या काचेवर एखादा वाफेचा पट्टा यावा, बुरशी यावी, काहीही यावे. पण मला बनवणाऱ्यांनी मला ते शिकवले नव्हते. वातीचा एकेक पीळ स्वच्छ दिसत होता.

बाबांनी मला हळूच खाली ठेवले.

"खुंटावर पाणी किती आहे?" त्यांनी मास्तरांना विचारले.

"ओहोटीला ना? दोन पुरुष तरी."

"मग तरंगती बोट त्याच्यावर टेकेल कशी?"

मास्तर फोटोतल्या खुंटावर वाकले.

"बोट आधी बुडाली. बुडाल्यावर खुंटावर बसली. बुडाली ती इथून." बाबांनी त्या वातीवर बोट ठेवले. "वात सैल राहिलीय. माझ्या हाताला कळलं नाही." मग ते अध्यक्षबाईंकडे वळले. "काल पहिल्या फोटोलाच मी ओळखलं होतं, ती जुनी शिवण आहे म्हणून. गप्प बसलो. तुम्ही विचारलं नसतं तर गप्पच बसलो असतो. तेही माझंच चुकलं."

अध्यक्षबाईंनी टेबलावरचा एक वाकलेला खिळा उचलला, पाहिला आणि परत ठेवला. "बाकीच्या चार बोटी?"

"उद्या सकाळी वर ओढा. यंदा मी कुठे कुठे हात लावलाय ते दाखवतो."

सगळे गेल्यावर बाबा मागच्या पायरीवर जाऊन बसले. सूनबाई मला पेटीत ठेवत होती आणि दार उघडे होते, म्हणून पुढचे मी ऐकले.

"तुला पाण्यातच कळलं होतं ना?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला एकट्याला सांगणार होते. मास्तरांनी मधेच खुंटाचा विषय काढला. मग वाटलं, राहू दे. वाटलं तसं, बाबा. खोटं कशाला बोलू."

बाबा म्हणाले, "राहू दिलं असतंस तर मी आणखी एक बोट शिवली असती."

"म्हणूनच भिंग दिलं हातात."

दुसऱ्या दिवशी चार बोटी वर काढल्या. त्यांपैकी दोन बोटींत, तीन जागी, वात सैल निघाली. त्या बोटी मंगळवारी, बुधवारी मुलांना घेऊन गेल्या होत्या. बाबांनी आपली बोथट पटाशी तेल लावून फडक्यात गुंडाळली आणि फळीवर ठेवून दिली. बोटी शिवायचे काम खाडीपलीकडच्या एका डावखुऱ्या सुताराकडे गेले. आणि लोक म्हणतात, बाबा पुढे कित्येक दिवस शेडमध्ये नुसते येरझाऱ्या घालायचे.

लोक म्हणतात असे म्हणायचे कारण, मी ते पाहिले नाही. पुढे लवकरच सूनबाईने नवा कॅमेरा घेतला. माझे कडे त्याला बसेना. जाऊबाईसाठी तेवढी एक जोड आणली गेली, तिचे नशीब. मला खणात ठेवले गेले आणि विसरले गेले. खाडीकाठची हवा दमट असते. दोन वर्षांत माझ्या आतल्या काचेच्या कडेला बुरशीची जाळी धरली. मला कोणाचा राग आला नाही. अंधारात पडून पडून रागही कंटाळतो. फक्त एवढे वाटायचे, की महिन्यातून एकदा कोणी उन्हात बाहेर काढले असते तर हे झाले नसते.

मग एक दिवस खण उघडला आणि दोन ओळखीची, थरथरणारी बोटे आत आली. डावखुऱ्या सुताराने स्वतःच बाबांना विचारले होते म्हणे, की मी शिवलेलं जरा बघाल का, दोन डोळे जास्त असलेले बरे. चष्म्याने नीट दिसेना, दुकानातल्या भिंगाने समाधान होईना, तेव्हा बाबांना माझी आठवण झाली. सूनबाईने मला उघडून, पुसून दिले. सगळी जाळी गेली नाही, पण मधले स्वच्छ आहे. आता मी शेडमध्ये, खिडकीशेजारी, एका कोरड्या बरणीत राहते. बरणीत ओल शोषणाऱ्या गोळ्यांची पुडी असते. रोज सकाळी बाबा हात धुऊन, कोरडे करून मला उचलतात आणि खडू घेऊन बोटीपाशी जातात. आधी दहा पावले मागे सरून अख्खी बोट पाहतात, मग माझ्यातून शिवण. जिथे वात सैल वाटते तिथे ते खडूने फुली मारतात आणि तिथले काम पुन्हा होते. कॅमेऱ्यावर मी कधीच चढणार नाही. पुस्तकात माझे फोटो येणार नाहीत. पण अध्यक्षबाईंची एकही बोट माझ्याखालून गेल्याशिवाय पाण्यात उतरत नाही, आणि मला ते पुरते.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादी जुनी लेन्स असेल, आजोबांची दुर्बीण असेल, साधे भिंग असेल, तर त्याला अंधाऱ्या, ओल्या जागी टाकू नका. बोटाने काच पुसू नका, मऊ फडके घ्या. कधीमधी ऊन दाखवा. आमची एवढीच मागणी आहे. आणि आमच्यातून पाहाल तेव्हा पाहून झाल्यावर, जे दिसले ते आवडले नाही म्हणून आम्हाला खणात लोटू नका.

मागच्या आठवड्यात डावखुरा सुतार दोन दिवस आला नव्हता. शेडमध्ये एक छोटी होडी पालथी ठेवलेली होती आणि तिची हातभर शिवण राहिली होती. बाबांनी इकडेतिकडे पाहिले, फळीवरचे फडके सोडले आणि पटाशी काढली. दुपारभर ते हलक्या हाताने ठोकत होते. मधेच गुणगुणतही होते. मला त्यांनी बरणीतून काढले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीसारखे हात धुऊन आले, मला उचलले, होडीपासून दहा पावले मागे गेले, मग जवळ आले. आपल्या त्या हातभर शिवणीवर त्यांनी मला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवले, आणि पुन्हा परत. मग त्यांनी खिशातून खडू काढला आणि मधोमध एक फुली मारली.